तबकडीतला संकासुर

दोस्तांनो, आज आधी शोधमोहीम, मग गजाली.

टीव्हीखालचं कपाट उघडा. माळ्यावरची पेटी मोठ्यांकडून खाली काढून घ्या. आजी सांगेलच, "पेटयेर धूळ आसा हां, नाकाक रुमाल बांध." घरात काहीच मिळालं नाही तर परसात जा. वालीच्या नाहीतर मिरचीच्या वाफ्यावर दोरीला बांधलेली एक गोल चकती वाऱ्यावर गरगरताना दिसेल. पाखरांनी बिचकावं म्हणून ती टांगलेली असते. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी परसांत ती दिसते.

ती सीडी. तुमच्यातल्या अनेकांनी ती यंत्रात घालून कधी पाहिलीही नसेल. तुम्हाला कळायला लागलं तेव्हा सिनेमा मोबाइलवर यायला लागला होता. पण तुमच्या आईबाबांना विचारा. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी यायचे तेव्हा त्यांच्या बॅगेत मोदकांच्या साच्याबरोबर दोन-चार सिनेमांच्या सीडीही असायच्या. आरती आटोपली की शेजारपाजारची सगळी पोरं एकाच टीव्हीसमोर.

आता त्या चकतीच्या चकचकीत बाजूवर टॉर्चचा उजेड टाका. उन्हात धरणार असाल तर परतणारं ऊन कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. तांबडा, हिरवा, निळा असे रंग दिसतात आणि चकती जराशी कलती केली की सरकतात. शेजारी डीव्हीडी ठेवलीत तर दिसेल, तिच्यावरचे रंग जास्त फाकलेले आहेत. गंमत अशी की या चकतीला रंग लावलेलाच नाही. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे हे रंग उजेडातूनच निघालेले.

हे होतं कसं? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा आठवा. तिथे दोन बाजूंनी लाटा येतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला भेटला तर पाणी एकदम उसळतं. उंचवट्याला खळगा भेटला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि पाणी सपाट होतं. उजेडाच्याही लाटाच असतात, फक्त फार फार बारीक. सीडीवर एकाला एक लागून असंख्य बारीक रेघा आहेत. प्रत्येक रेघेवरून उजेडाची लाट परतते. परतलेल्या लाटा एकमेकींना भेटतात, आणि एका कोनात तांबडी लाट उसळते, दुसऱ्या कोनात निळी. रेघा जितक्या जवळजवळ, तितके रंग जास्त फाकतात. म्हणजे नुसत्या टॉर्चच्या उजेडात तुम्ही ओळखलंत की डीव्हीडीवरच्या रेघा सीडीपेक्षा दाट आहेत!

किती दाट? सीडीवर दोन रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. डोक्याचा एक केस सीडीवर आडवा ठेवलात तर त्याच्याखाली चाळीस-पन्नास रेघा झाकल्या जातील. डीव्हीडीवर हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे केसाखाली शंभराच्या आसपास रेघा.

खरं तर त्या अनेक रेघा नाहीतच. ती एकच रेघ आहे, आतून बाहेर गोल गोल फिरत गेलेली. तिची लांबी काढणं तुम्हाला जमेल. सीडीचा माहिती असलेला पट्टा मध्यापासून सुमारे २५ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून लहान वर्तुळाचं वजा केलं की साधारण ८,६०० चौरस मिलिमीटर उरतात. त्यांना दोन रेघांमधल्या अंतरानं, म्हणजे ०.००१६ मिलिमीटरनं भागा. उत्तर येतं पाच किलोमीटरांहून जास्त! ती रेघ उलगडून मालवणच्या बाजारापासून तारकर्लीच्या रस्त्यावर अंथरली तर बराचसा रस्ता संपेल. डीव्हीडीची रेघ जवळजवळ १२ किलोमीटर. आणि ब्लू-रे नावाची तिसरी बहीण आहे, तिची रेघ सुमारे २७ किलोमीटर. ती धरून चालत निघालात तर कुडाळच्या आसपास पोहोचाल. तिन्ही चकत्या मात्र सारख्याच, १२ सेंटिमीटर रुंद.

या रेघेत काय असतं? बारीक बारीक खड्डे आणि मधली सपाटी. यंत्रातला लेसर त्या रेघेवरून सरकतो. खड्ड्याची खोली अशी मुद्दाम ठरवलेली असते की खड्ड्यातून परतणारी उजेडाची लाट आजूबाजूच्या सपाटीवरून परतणाऱ्या लाटेला बरोबर उलटी भेटावी. मग दोघी एकमेकींना खातात, उजेड मंदावतो आणि यंत्राला कळतं की इथं काहीतरी बदललं. पुष्कळ पुस्तकांत लिहितात की खड्डा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक. तसं नाही. खड्डा सुरू झाला की एक, संपला की एक, आणि मधे काही बदललं नाही तर शून्य. यंत्र फक्त काठ मोजतं.

रेघ आतून सुरू होते हेही लक्षात ठेवा. आजोबांच्या काळातली गाण्याची काळी तबकडी बाहेरून आत वाजायची, ही आतून बाहेर वाजते. आतलं वर्तुळ लहान असल्यामुळे तिथं सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे मारते आणि काठाशी येईपर्यंत २०० पर्यंत मंदावते, म्हणजे लेसरखालून रेघ कायम सारख्याच वेगानं सरकते.

सीडी १९८२ साली बाजारात आली, फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेली, आणि ती फक्त गाण्यांसाठी होती. तिचा लेसर अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली. तिचा लेसर तांबडा. २००६ मध्ये ब्लू-रे आली, जांभळ्या-निळ्या लेसरची. तांबड्यापेक्षा निळ्या उजेडाची लाट आखूड, म्हणून ती आणखी बारीक खड्डे वाचू शकते. लाट आखूड झाली, खड्डे बारीक झाले आणि तेवढ्याच चकतीत सीडीचे ७०० मेगाबाइट वाढत वाढत डीव्हीडीत ४.७ आणि ब्लू-रेत २५ गिगाबाइट झाले. असा निळा उजेड देणारा पदार्थ बनवायला शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं घालवली होती. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना निळ्या एलईडीसाठी मिळालं. त्यांतल्या शूजी नाकामुरा यांनी निळा लेसरही बनवला होता.

आता एक हिशेब करू, म्हणजे खरा चमत्कार कुठे आहे ते कळेल.

डीव्हीडीवरच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, म्हणजे चार लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट लागतात. एका सेकंदात अशी २५ चित्रं. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे ३१ मेगाबाइट होतात. ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी किती वेळात भरेल? अडीच मिनिटांत! मग तीन तासांचा सिनेमा तिच्यावर बसतो कसा?

आंगणेवाडीच्या जत्रेत नाहीतर तुमच्या गावच्या देवळासमोर दशावतार पाहिला असेल. मागे एकच पडदा, पुढे बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. काळ्या कपड्यांतला संकासुर उड्या मारत येतो आणि मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. या नाटकाचं चित्रण चालू आहे असं समजा. पहिल्या क्षणी कॅमेरा सगळं टिपतो. पुढच्या क्षणात काय बदललं? पडदा तोच, बाकडं तेच, पेटीवाला तिथंच. बदलला फक्त संकासुर. मग पडदा पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? "पडदा मघाचाच ठेव, संकासुर तेवढा चार ठिपके उजवीकडे सरकव" एवढंच लिहिलं की काम झालं. डीव्हीडीवरचा सिनेमा असाच लिहिलेला असतो. अधूनमधून एखादं चित्र पूर्ण आणि मधे नुसते बदल. मोबाइलवर येणारा सिनेमाही याच युक्तीनं येतो, फक्त ती युक्ती आता आणखी हुशार झाली आहे.

म्हणूनच समुद्राचं चित्रण या युक्तीला सगळ्यांत जड जातं. लाटा, फेस, पावसाच्या सरी, वाऱ्यावर हलणाऱ्या माडाच्या झावळ्या, यांत कुठलाच ठिपका मघाचा राहत नाही. रेंज कमी असताना मोबाइलवर समुद्राचं दृश्य लागलं की फेसाचे चौकोनी तुकडे झालेले दिसतात, ते यामुळे. एका चित्राच्या आतही सारखे ठिपके पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत. तपासायला एक प्रयोग करा. मोकळ्या निळ्या आभाळाचा एक फोटो काढा आणि किनाऱ्यावर वाळत घातलेल्या रापणीच्या जाळ्याचा दुसरा. मग दोन्ही फोटोंचा आकार किती मेगाबाइट आहे ते मोबाइलवर तपासा. जाळ्याचा फोटो चांगलाच जड निघेल.

आता ओरखड्यांची गोष्ट. सीडीवर एखादा ओरखडा असतो, तरी गाणं अडखळत नाही. कसं? समजा, तुम्ही ४, ७ आणि २ हे आकडे लिहिलेत आणि शेजारी त्यांची बेरीज १३ लिहून ठेवलीत. पावसाचं पाणी पडून ७ पुसला गेला. बिघडलं काही? १३ मधून ४ आणि २ वजा करा, ७ परत मिळाला. सीडीवर मूळ माहितीबरोबर असे जादा आकडे लिहिलेले असतात. त्यांचं गणित आपल्या बेरजेपेक्षा पुष्कळ पुढचं आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी ते १९६० साली मांडलं. आणखी एक शहाणपण म्हणजे शेजारचे आकडे शेजारी न लिहिता लांब लांब पसरून लिहितात. ओरखड्यानं एका जागचं सगळं गेलं तरी प्रत्येक हिशेबातला एखाददुसराच आकडा जातो. या दोन युक्त्यांनी सीडीवरची सुमारे अडीच मिलिमीटर लांब जागा पूर्ण गेली तरी ती जशीच्या तशी भरून काढता येते. मला तर हे इंद्रधनुष्यापेक्षाही सुंदर वाटतं.

पण एक गोष्ट ऐका. आपण सगळे सीडी ठेवताना चकचकीत बाजू जपतो आणि नाव छापलेली बाजू खुशाल टेबलावर घासतो. सीडीची जास्त नाजूक बाजू नावाची आहे! आरशासारखा अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा नावाच्या लगेच खाली असतो, त्याच्यावर फक्त लाखेसारखा पातळ लेप. चकचकीत बाजूला उलट एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचं चिलखत असतं. डीव्हीडीत हा पापुद्रा प्लॅस्टिकच्या दोन थरांच्या मधे असतो, म्हणून ती त्या बाबतीत जास्त दणकट. आणि पुसायची झाली तर मऊ फडक्यानं मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा रेघेच्या वाटेनंच जातो आणि एकाच जागचं खूप काही खातो.

"पण हे सगळं कशाला? मोबाइलवर बोट लावलं की सिनेमा सुरू!" असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार. बरोबर आहे. मग त्या बोटानंतर काय होतं ते बघू.

तुम्ही बोट लावता तेव्हा मोबाइल जवळच्या टॉवरला रेडिओ लहरींनी निरोप पाठवतो. टॉवरपासून पुढे बहुतेक वाट काचेच्या तंतूंची असते. केसासारखे बारीक तंतू, एका जाड वेष्टणात गुंडाळून रस्त्याकडेला पुरलेले किंवा खांबांवरून नेलेले. त्यांतून धावतो उजेड! अवरक्त लेसरचा, सेकंदाला कोट्यवधी वेळा लुकलुकणारा. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आपल्यापासून पाचएकशे किलोमीटर, म्हणजे मुंबईचा निरोप काचेतून यायला सेकंदाच्या हजार भागांतले तीनसुद्धा पुरे.

मुंबईच का? कारण लोकप्रिय सिनेमांच्या प्रती कंपन्या मुंबईसारख्या मोठ्या शहरांतल्या संगणकांवर आणून ठेवतात. दर वेळी सात समुद्रांपलीकडून मागवायला नकोत. नवी प्रत परदेशातून यायची झालीच तर समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या केबलमधून येते. अशा केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. म्हणजे सीडीतला सिनेमा वाचणारा उजेडच आणि मोबाइलचा सिनेमा वाहून आणणाराही उजेडच. एका ठिकाणी तो १२ सेंटिमीटरच्या चकतीवर वाट काढतो, दुसऱ्या ठिकाणी समुद्राच्या तळाशी.

सिनेमा तुमच्याकडे अख्खा येत नाही. त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ, मध्यम, धूसर अशा अनेक प्रकारांत तयार ठेवलेला असतो. तुम्ही एक तुकडा पाहत असता तेव्हा मोबाइल पुढचे दोन-चार मागवून ठेवतो. रेंज चांगली असली की स्वच्छ तुकडा मागवतो, कमी झाली की धूसर. पुढचा तुकडा वेळेवर आलाच नाही की ते ओळखीचं गोल चक्र फिरायला लागतं. पाहिलेले तुकडे पुसून टाकले जातात. सिनेमा संपतो तेव्हा तुमच्याकडे काहीच उरलेलं नसतं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबतो. सिनेमा पाहायला मिळणं वेगळं आणि सिनेमा आपल्याकडे असणं वेगळं. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी ते ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात. मुदत संपली की सिनेमा यादीतून नाहीसा होतो. पैसे मोजून घेतलेल्या गोष्टींचंही कधी कधी असं होतं. २००९ साली अमेरिकेत काही लोकांनी विकत घेतलेलं ई-पुस्तक कंपनीनं त्यांच्या यंत्रावरून दुरूनच पुसून टाकलं आणि पैसे परत केले. कपाटातली तबकडी मात्र अशी दुरून कुणाला पुसता येत नाही.

तबकड्यांचे दिवस किती झपाट्यानं गेले बघा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर ही भारतीय कंपनी सिनेमाची व्हीसीडी (म्हणजे सिनेमा लिहिलेली सीडी) २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला लागली, तेव्हा दुकानांत उड्या पडल्या. त्या व्हीसीडीत ७४ मिनिटंच मावायची, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन लागायच्या आणि ऐन मारामारीत उठून तबकडी बदलावी लागायची. २०१८ पर्यंत ती कंपनी बंद पडली होती. आज घरोघरी माहीत असलेल्या नेटफ्लिक्सनं सुरुवात केली ती टपालानं डीव्हीडी घरपोच पाठवून, १९९८ मध्ये. त्यांची शेवटची तबकडी २९ सप्टेंबर २०२३ ला टपालात पडली. सोनीनं घरी लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

तबकडीच्या बाजूनं आणखी एक मुद्दा आहे. ब्लू-रेवरून सेकंदाला मोबाइलच्या सिनेमापेक्षा कितीतरी पट जास्त माहिती येऊ शकते, म्हणून समुद्राचा फेस तिच्यावर फेसासारखाच दिसतो. पण सगळं तिच्याच बाजूनं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तेव्हा मोबाइल मुका होता आणि विजेशिवाय सीडीही मुकीच होती.

जपून ठेवलं नाही तर काय होतं याची एक खरी गोष्ट सांगतो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा'. तो १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला आणि गर्दी आवरेना. आज त्या सिनेमाची एकही प्रत जगात कुठे सापडत नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' काढला, पहिला मराठी बोलपट. तो मात्र आपल्याला आजही पाहता येतो. दोन्ही लोकांच्या आवडीचे. एक टिकला, एक गेला. असे सिनेमे शोधून सांभाळण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. 'आलम आरा'ला तेव्हा तेहतीस वर्षं उलटून गेली होती.

मोठ्या सिनेमांसाठी पुण्यात संग्रहालय आहे. तुमच्या गावच्या जत्रेसाठी कोण आहे?

मला सांगायचंय ते हेच. दशावताराचं नाटक लिहिलेलं नसतं. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि संवाद नट त्या रात्री तिथल्या तिथे रचतात. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर अशा मंडळांनी एकच आख्यान शंभर गावांत केलं तरी शंभर रात्री वेगळ्या. भजनाच्या डबलबारीचंही तेच. समोरच्या बुवानं काय टोला दिला आणि आपल्या बुवानं तो कसा परतवला, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा तसं होणार नाही. 'वस्त्रहरण'सारख्या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले, गंगाराम गवाणकरांची संहिता छापून आली आणि मच्छिंद्र कांबळींचा आवाज घराघरांत ऐकला गेला, म्हणून ते आजच्या मुलांनाही माहीत आहे. पण वीस वर्षांपूर्वी सोनुर्लीच्या नाहीतर तुमच्या वाडीतल्या जत्रेत एखाद्या काकानं कॅमेऱ्यावर टिपलेली रात्र? तिची प्रत असलीच तर एखाद्या घरात एखादीच. तीही सीडीवर.

आणि ही सीडी वेगळ्या जातीची आहे. ती उलटी करून बघा. दुकानातल्या सिनेमाची तबकडी खालून चंदेरी असते, कारण तिचे खड्डे कारखान्यात साच्यानं दाबून उमटवलेले. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली तबकडी खालून हिरवट, निळसर नाहीतर जांभळट दिसते. तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो. लिहिताना लेसर त्या रंगाला जागोजाग भाजतो आणि ते डाग खड्ड्यांचं काम करतात. पण रंग तो रंगच. ऊन आणि उष्णता लागून तो हळूहळू बिघडतो आणि डाग कुठले, मोकळी जागा कुठली, हे लेसरला कळेनासं होतं. लग्नाची, बारशाची, शाळेच्या गॅदरिंगची आणि जत्रेची चित्रणं बहुतेक अशाच तबकड्यांवर आहेत.

त्यात आपली हवा. समुद्राची खारट दमट हवा लेपाच्या फटीतून आत शिरली की धातूचा आरसा कुरतडला जातो. उजेडासमोर धरलीत तर अशा तबकडीत टाचणीएवढी भोकं दिसतात. पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यांवर आणि पुस्तकांवर बुरशी येते हे तुम्हाला माहीतच आहे. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेली एक सीडी स्पॅनिश शास्त्रज्ञांनी तपासली तेव्हा तिच्यात जिओट्रायकम जातीची बुरशी आढळली. ती बुरशी अ‍ॅल्युमिनियमही खात होती आणि प्लॅस्टिकही.

संकासुराची गोष्ट आठवते ना? तो वेद चोरून समुद्रात लपतो आणि विष्णूला मासा होऊन खाली जावं लागतं. आपल्याला एवढं करावं लागणार नाही. एक डीव्हीडी चालवणारा जुना संगणक मिळाला तरी पुरे. आईच्या कार्यालयात, शाळेच्या संगणक कक्षात नाहीतर गावच्या फोटो स्टुडिओत विचारा. तारेनं जोडायचा सुटा ड्राइव्हही मिळतो. रंगीत पोटाच्या तबकड्या आधी घ्या, कारण त्याच आधी जाणार. संगणकावर ती तबकडी उघडून आतल्या सगळ्या फायली उतरवून घ्या. एखादी अडकली तर चकती कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुऊन पूर्ण वाळवा आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका यंत्राला वाचता न आलेली तबकडी दुसरं यंत्र पुष्कळदा वाचतं. कंपन्यांनी विकलेल्या सिनेमांच्या प्रती काढून वाटायच्या नाहीत, ते कायद्यात बसत नाही. आपण बोलतोय ते आपल्या घरच्या चित्रणांबद्दल.

मग प्रती किती ठेवायच्या? फोटो आणि चित्रणं जपणारे लोक सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. हे उगीच नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकतीच्या वर, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर, वाचणारं टोक तरंगत असतं. ती चालू असताना हातातून पडली की संपलं. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात कोंडलेली असते. तो वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर हा भार हळूहळू गळतो. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि तिसरी मुंबईच्या काकांकडे. चतुर्थीला काका येतील तेव्हा दरवर्षी ती उघडून चालते का ते बघायचं. यूट्यूबवर टाकायचं असेल तर आधी मंडळाच्या मालकांना विचारा. नाटक त्यांचं आहे. आणि यूट्यूबवर टाकलं म्हणजे घरातली प्रत पुसायची, असं मुळीच करू नका.

तबकड्या उभ्या, डब्यांत, उन्हापासून लांब ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नव्या चपलांच्या खोक्यात असते तीच. प्रती झाल्या तरी मूळ तबकडी फेकू नका आणि परसात तर बिलकुल टांगू नका. पाखरांसाठी जुन्या सिनेमांच्या, आता न वाजणाऱ्या तबकड्या पुष्कळ मिळतील.

आणि फाइलीला नाव नीट द्या. 'व्हिडिओ १' असं नाव दहा वर्षांनी कुणाच्या उपयोगाचं? गाव, साल, जत्रा, मंडळ आणि आख्यान नावातच लिहा. मग आजी-आजोबांना शेजारी बसवून ते चित्रण लावा आणि वहीत टिपून घ्या, राजा कोण झाला होता, स्त्रीपार्टी कोण, पखवाजावर कोण, पायपेटी कोण वाजवतंय, पुढे बसलेली पोरं कुणाची. ती वहीही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दिवाळी अंकापर्यंत तुमच्याकडे कुठलं कुठलं आख्यान सापडलं, त्याची यादी आम्हाला पाठवा. सगळ्यांत जुनी तारीख कुठल्या गावातून येते, ते बघू.